उद्यमनगरातलं बिनपाटीचं दुकान आणि आमचे सहा कॅन

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियम वेल्डिंगचं एक दुकान आहे, त्याबद्दल लिहिते. दुकानाला पाटी नाही. लेथच्या दोन शेडमधून एक बोळ आत जातो, त्याच्या टोकाला निळं पत्र्याचं दार. दाराशी कायम काही ना काही नंबर लावून पडलेलं असतं: पंपाचं केसिंग, बुलेटचा क्रँककेस, कँटीनचा बुडाला तडकलेला टोप. "ॲल्युमिनियमवाले मिस्त्री" एवढं विचारलं की आजूबाजूची पोरं बोट दाखवतात.

आधीच सांगून टाकते: दर मी पूर्वी दिलेल्यापेक्षा अडीच पट, दिवस चौपट, आणि पुढच्या वेळीही मी तिथेच जाणार.

आमचं भोगावतीच्या काठच्या एका गावात दूध संकलन केंद्र आहे. दोन वेळचं दूध येतं, ते ४० लिटरच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून टेम्पोत चढतं. पोरं कॅन दोन्ही कानांना धरून उचलतात, आदळतात, ओढतात. वर्षानुवर्षं हे झालं की कानाच्या पट्टीच्या बुडाशी, खांद्यावर, केसासारखी चीर जाते. स्टीलचे कॅनही आहेत आमच्याकडे, पण ते भरल्यावर दोघांना जड जातात आणि किंमतही परवडत नाही. म्हणून ॲल्युमिनियमचे दुरुस्त करून वापरायचे.

गेल्या जुलैत असे सहा कॅन एकदम निघाले. दिरांनी ते रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडे टाकले. त्यांच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. आमच्या गोठ्याच्या गव्हाणी, ट्रॉलीची चौकट, घराच्या खिडक्यांचे ग्रिल, सगळं त्यांनीच केलेलं, आणि दहा वर्षांत एक सांधा सुटला नाही. टिगचं, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणाखाली विजेच्या ठिणगीने सांधणारं, नवं मशीन त्यांनी घेतलं होतं, ॲल्युमिनियमला लागतं ते एसी-डीसी दोन्ही चालणारं. कॅनमागे २०० रुपये, सकाळी दिले, संध्याकाळी मिळाले. वरून सांधा चकचकीत. पाणी भरून ठेवलं, थेंब गळला नाही.

आतून हाताला काटा लागत होता, धुणाऱ्या मावशींचा हात कापला असता, म्हणून मी स्वतः कानस फिरवली. वरचा थर गेला आणि खाली भोकंच भोकं. सुईच्या टोकाएवढी, काही त्याहून बारीक, अनारशाला जाळी पडते तशी. वाटलं, आरपार नाहीत ना, मग चालतंय. तिथे माझं चुकलं.

आठवड्याभरात त्या कॅनना वास यायला लागला. धुतला, गरम पाण्याने खंगाळला, उन्हात पालथा घातला, तरी नाक आत घातलं की आंबूस. लग्नाआधी मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून वर्षभर डेअरीच्या लॅबमध्ये होते, म्हणून मेथिलीन ब्ल्यूची बाटली घरात असते. एकाच म्हशीचं दूध एका धड कॅनमध्ये आणि एका वेल्डिंगच्या कॅनमध्ये तासभर ठेवलं, दोन्हींतून १० मिलिलिटर नळीत घेतलं, १ मिलिलिटर निळा रंग घातला आणि ३७ अंशांच्या पाण्यात उभ्या केल्या. जंतू जितके जास्त तितका तो निळा रंग लवकर उडतो. धड कॅनची नळी आकाशी रंगाची असतानाच दुसरी पांढरी झाली. त्या भोकांत दूध बसत होतं आणि ब्रशचा केस तिथे पोचत नव्हता.

फॅब्रिकेशनवाल्यांना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, ॲल्युमिनियमला ब्लोहोल येतातच. लोखंडाला न्हाई येत, ह्याला येतात." पैसे परत करायला निघाले होते, मी घेतले नाहीत. पण तोच माणूस, तोच हात, लोखंडाला का येत नाहीत आणि ह्यालाच का येतात, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर मला उद्यमनगरात मिळालं, आणि दुकानाची खरी किंमत मला त्या उत्तरात दिसली.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी कॅनला हातही लावला नाही. लांबूनच विचारलं, "कधी धुतला?"

"आत्ता सकाळी."

"मग आज न्हाई. ठेवून जावा. दोन दिवस वाळू दे, मग बघू."

मी बाहेरून कोरडा पुसलेला कॅन दाखवला. त्यांनी कानाच्या पट्टीखाली एक पातळ पाती सरकवली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. टोकाला पाण्याचा थेंब, आणि त्या थेंबात पिवळट चिकट काहीतरी. पट्टी आणि खांदा यांच्यामधल्या फटीत आमचं जुनं दूध, जुनं तूप, आणि धुतलेलं पाणी. "ह्याच्यावर आग धरली की हे कुठं जाणार?" एवढंच ते म्हणाले.

हे मला लगेच समजलं, कारण पुढचं रसायनशास्त्र मला येत होतं. वितळलेल्या ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची भयंकर ओढ. पाण्याची वाफ भेटली की ते पाण्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि हायड्रोजन मागे सोडतं. तेल-तुपातही हायड्रोजन आहेच. हा सुटा हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो, आणि तिथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते गोठताना. ६६० अंशांना १०० ग्रॅम पातळ ॲल्युमिनियम साधारण ०.७ घनसेंटिमीटर हायड्रोजन पोटात ठेवू शकतं. तेच घट्ट झालं की ०.०४ च्या आसपास. वीस पटींच्या जवळ फरक. बाकीच्याने जायचं कुठे?

बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी, यायच्या आधी आम्ही बर्फाच्या लाद्या आणायचो. लादी कडेला काचेसारखी असते आणि मधोमध पांढरी. ते पांढरं म्हणजे हवेचे बुडबुडे. पाण्यात हवा विरघळलेली असते, बर्फात तिला जागा नसते. लादी कडेकडून गोठत आत येते, हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यात कोंडते. ॲल्युमिनियमच्या सांध्यात हेच घडतं, हवेच्या जागी हायड्रोजन. लोखंडातही गोठताना हायड्रोजनची जागा कमी होते, पण इतकी नाही. बराचसा घट्ट लोखंडातही सामावतो आणि गरम असताना हळूहळू निघून जातो. लोखंडाला हायड्रोजन सोसतो असं मात्र नाही. जाड, कडक पोलादाला तो काही तासांनी तडे पाडतो, म्हणून तर पोलादाच्या वेल्डिंगचे ७०१८ चे रॉड भट्टीत ३०० अंशांच्या वर भाजून घेतात. त्रास दोघांनाही आहे, दिसतो वेगळा.

त्यात ॲल्युमिनियम उष्णता साध्या लोखंडाच्या चार-पाच पट वेगाने ओढून नेतं. सांधा झटकन गोठतो, बुडबुड्याला वर यायला वेळच मिळत नाही. शिवाय धातू हलका, पाण्याच्या २.७ पट, लोखंड ७.८ पट. जड रस बुडबुड्याला जोराने वर ढकलतो, हलका तितका ढकलत नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मिस्त्रींचा फोन आला. मी मुद्दाम जाऊन बसले. त्यांनी एक जादा काच हातात दिली आणि एका पिंपावर जागा करून दिली.

आधी कान पूर्ण काढला. मग जुना सांधा. ग्राइंडरची चकती त्यांनी ॲल्युमिनियमला लावलीच नाही. चकतीतलं डिंकासारखं जे असतं ते मऊ धातूत घुसतं आणि पुढे जळून गॅस करतं, असं म्हणाले. कार्बाइडचा दातेरी बर लावून जुना सांधा मुळापासून खरवडून काढला. भोकांवरच नवा टाका घालता येत नाही का, असं मी विचारलं. "भोकातला गॅस नव्या रसात येतोय की. घाण बुजवल्यासारखं हुतंय ते." खरवडताना एकेक भोक उघडं पडत होतं, आणि त्यातल्या दोन-तीनांत काळा ठिपका, आमचं जळलेलं दूध.

मग पांढरं फडकं आणि ॲसिटोन. एकदा पुसून थांबले नाहीत. फडकं काळं झालं की घडी बदलायची, पुन्हा पुसायचं, घडी पांढरी निघेपर्यंत. त्यानंतर ब्रश. हा क्रम त्यांनी मला दोनदा सांगितला: आधी पुसायचं, मग घासायचं. उलट केलं की ब्रश तेल धातूत दाबून बसवतो, आणि ब्रशही कायमचा तेलकट होतो. ब्रश स्टेनलेसचा, मुठीला लाल टेप गुंडाळलेली. लाल टेपचा ब्रश लोखंडाला लावायचा नाही असा दुकानात नियम, आणि शिकाऊ पोराने तो मोडला तर ब्रश फेकून देतात. हलक्या हाताने, एकाच दिशेने घासलं. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यांचा ब्रश सकाळी गंजलेल्या अँगलवर फिरलेला असतो.

घासायचं कशासाठी? ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साल असते. धातू ६६० अंशांना वितळतो, साल २,०५० च्या आसपास. आणि पावसाळ्यात पडून राहिलेल्या पत्र्यावर ती साल दमट हवेतलं पाणी धरून ठेवते. बोटाला कोरडी लागते, पण आर्क, म्हणजे ती विजेची ठिणगी, लागला की ते पाणी बाहेर येतं. एसी करंटच्या अर्ध्या फेरीत आर्क ही साल उडवतो, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा दहिवरासारखा पट्टा दिसतो तो त्याचाच. पण सगळं काम आर्कवर सोडलं की काय होतं ते मी कानशीखाली पाहिलं होतं. इथे लोखंडाचं सोपं पडतं. रॉडवरचं आवरण जळून हवेला लांब ठेवतं, मळ स्लॅगमध्ये वर येतो, हातोडीने खपली उडवली की झालं. थोडा गंज, थोडं तेल असलं तरी निभावतं. दहा वर्षं त्या धातूवर बसलेला हात ॲल्युमिनियमकडे त्याच सवयीने जातो. त्या माणसाचा दोष मी म्हणूनच मानत नाही.

एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. कॅन जरा कोमट करून घ्यायचा होता. मी म्हटलं, गॅसचा नळा आहे की समोर. मिस्त्रींनी एक थंड ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला, नळा पेटवून त्याच्यावर क्षणभर धरला आणि माझ्या डोळ्यांसमोर आणला. त्याच्यावर बारीक थेंबांचं धुकं. गॅस जळला की पाणी तयार होतं, हे मी कॉलेजात समीकरण लिहून पास झालेली बाई; थंड पत्र्यावर ते असं बसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी कॅन हॉट-एअर गनने गरम केला, हात लावून बघत बघत, सोसवेल इतकाच.

फिलरच्या, म्हणजे सांध्यात वितळवून भरायच्या, कांड्या एका लाकडी कपाटात असतात. आत पिवळा बल्ब रात्रंदिवस जळतो, कोंबडीच्या पिलांना लावतात तसा. कपाट उघडल्यावर चेहऱ्याला ऊब लागते. "धुता कशानं?" विचारलं, उकळत्या पाण्याने म्हटल्यावर आणि पत्रा बघून त्यांनी ४०४३ घेतली, पाच टक्के सिलिकॉनची. ५३५६ मध्ये मॅग्नेशियम असतं, सतत तापणाऱ्या वस्तूला ती ते टाळतात. कांडीसुद्धा ॲसिटोनने पुसली आणि टोक कापून टाकलं.

मग रद्दी तुकड्यावर एक ओळ ओढली. मी काच खाली केली तर ओळीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. मिस्त्री काही बोलले नाहीत. आर्गनच्या नळीवर साबणाचं पाणी सोडत वेल्डिंगच्या टॉर्चपर्यंत गेले. एका जोडाशी फुगा आला, अगदी संथ, मुगाच्या डाळीएवढा. आर्गन बाहेर जात होता तिथूनच दमट हवा आत येते, हे कळायला मला क्षण लागला. क्लिप आवळली, गॅस थोडा वेळ नुसता सोडून दिला, पंखा बंद आहे ना पाहिलं आणि पुन्हा ओळ ओढली. ह्या वेळी ओळ चांदीच्या गोफासारखी, एकही ठिपका नाही. मगच कॅन समोर घेतला.

खुद्द सांधा पाच मिनिटांत झाला. काचेतून दिसतं ते पाऱ्यासारखं तळं, त्यात कांडी बुडते, पुढे सरकते, पुन्हा बुडते. शेवटी आर्क विझल्यावरही त्यांनी टॉर्च तिथेच धरून ठेवला, रस गोठेपर्यंत वरून आर्गन वाहता ठेवून. मी दोन तास बसले होते आणि आग पाच मिनिटांची होती. ५०० रुपये कशाचे, ते मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

तपासणीही ते स्वतःच करतात. बाहेरून लाल पेनिट्रंट, म्हणजे बारीक भोकांत शिरणारा रंग, मारला, दहा-पंधरा मिनिटं ठेवला, पुसला, वर भोकात राहिलेला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर. तीन कॅन कोरे. चौथ्यावर हळूहळू दोन लाल टिपके उमटले. मला ते दिसायच्या आधीच त्यांनी बर हातात घेतला होता. तेवढा भाग खरवडून पुन्हा केला, जादा पैसे नाहीत. नंतर पेनिट्रंट सॉल्व्हंटने आणि साबणाने नीट धुऊन दिला, आणि मी घरी परत तीनदा धुतला.

उरलेले दोन कॅन त्यांनी परत दिले. बुडाला आतून खड्डे पडले होते. "सोडा वापरता काय?" मला मान खाली घालावी लागली. कामावरच्या नव्या मुलाने कॉस्टिक सोड्याने धुतले होते, आणि मी वेळेत पाहिलं नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि खाताना हायड्रोजनच सोडतो. "पत्रा ऱ्हायला न्हाई. ह्यात पैसे घालू नका," म्हणाले. दोन कॅनचे हजार रुपये त्यांना सहज घेता आले असते.

चौघांची मेथिलीन ब्ल्यूची चाचणी मी महिन्याने पुन्हा केली. चारही नळ्या धड कॅनच्या नळीबरोबरीने निळ्या राहिल्या. आतून कानस मारली तर सांधा गुळगुळीत, बोट फिरवलं की अडत नाही. वास नाही.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. फोन तेच करतात, तोही ऊन पडलं तर. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस धरून चला, झड लागली तर आठवडा. आमच्यासारख्यांना सहा कॅन आठवडाभर बाजूला ठेवणं सोपं नाही, दोन वेळचं दूध थांबत नाही. एकच कारागीर, दुसरा हात तयार झालेला नाही. ते आजारी पडले तर दार बंद. बिल मागितलं तर कागदावर लिहून देतात, छापील नाही. टेम्पो बोळात शिरत नाही, कॅन हाताने न्यावे लागतात. बसायला ते पिंपच.

आणि एक विनंती त्यांच्याकडे मी केली आहे, इथेही लिहिते: दरपत्रकाऐवजी दाराशी एक लाल ठिपक्यांचा आणि एक कोरा तुकडा शेजारी शेजारी टांगून ठेवा. २०० आणि ५०० मधला फरक गिऱ्हाईकाला वरून दिसत नाही, दोन्ही सांधे चकचकीतच असतात.

दूध, ताक, लोणी, कशाच्याही भांड्याचं काम असेल तर इथे द्या. फक्त बाहेरचं हँडल तुटलंय आणि आत अन्न लागत नाही, अशा भांड्याला गावातला माणूस पुरे. सकाळी दहाच्या आत गेलात तर मिस्त्री बोलायला मोकळे असतात. भांडं दोन दिवस आधी धुऊन, झाकण उघडं ठेवून, फटीतलं पाणी निथळून न्या. ओलं नेलंत तर ते ठेवून घेतील आणि परवा या म्हणतील.